सुदर्शनला पानंच पानं, फूल का नाही? काळ्या मातीच्या अंगणासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरजवळच्या गावात घर, अंगणात काळी माती, पाणी बोअरचं. गोल कंदाच्या, रुंद पानांच्या सुदर्शनचे चार कंद आळं करून लावले, त्याला तीन पावसाळे झाले. पानं जोमात येतात, पण फुलाचा दांडा एकदाही निघाला नाही. गेल्या श्रावणात काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या अळ्या आल्या आणि दोन-तीन दिवसांत पानं मानेपर्यंत खाऊन टाकली. शेजारी म्हणतात डीएपी हे रासायनिक खत टाका. गावाबाहेरच्या ओढ्याला असंच झाड चिखलात उभं राहून फुलतं, मग आमच्याकडे का नाही? सगळे कंद उपटून कुंडीत लावावेत का?

तुम्ही फूल न येणं आणि अळ्या येणं अशा दोन तक्रारी वेगळ्या मांडल्या आहेत. माझ्या हिशेबानं ती एकच तक्रार आहे. सुदर्शनचा दांडा मे-जूनमध्ये बाहेर दिसतो, पण त्याचा कोंब कंदाच्या आत आधीच्या हंगामात तयार झालेला असतो. आषाढ ते अश्विन या काळात पानं जेवढं अन्न कंदात साठवतील, त्यावर पुढच्या वर्षीचं फूल ठरतं. ऐन श्रावणात पानं गेली की झाड मरत नाही. कंदातलाच साठा मोडून ते नवी पानं काढतं, पण फुलासाठी काही उरत नाही. पुढच्या पावसाळ्यात हिरवीगार पानं पाहून आपल्याला वाटतं झाड सुधारलं. प्रत्यक्षात ते अजून तोटाच भरून काढत असतं. म्हणून आत्ताच कंद उपटू नका, डीएपीही टाकू नका. आधी पानं सांभाळा आणि कंदाची मान, म्हणजे जिथून पानं निघतात तो वरचा भाग, कोरडी राहील असं बघा.

अर्थात काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत. तुमच्याकडे नेमकी कोणती जात आहे, कंद केवढा आहे, ऊन किती तास मिळतं आणि पाऊस पडून गेल्यावर आळ्यात पाणी किती वेळ राहतं, एवढं कळल्याशिवाय नक्की उत्तर देता येत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट घरी कशी तपासायची तेही सांगतो.

सुरुवात जातीपासून करू, कारण तुमच्या ओढ्याच्या कोड्याचं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे सुदर्शन, नागदवणा, गडंबीकांदा ही नावं क्रायनम या प्रजातीतल्या तीन-चार झाडांना सरसकट वापरली जातात, आणि स्पायडर लिलीही कधी याच नावानं विकली जाते. ओढ्याच्या काठचं झाड बहुतेक क्रायनम व्हिव्हिपॅरम असणार. त्याची पानं अरुंद, दोन-चार सेंटीमीटर रुंदीची आणि पन्हाळीसारखी खोलगट असतात. पाणथळ जागा हेच त्याचं घर, चिखलात त्याचं काही बिघडत नाही. क्रायनम लॅटिफोलियम म्हणजे गोल कंदाचं सुदर्शन. त्याची पानं चांगली रुंद आणि जमिनीलगत पसरणारी. फूल कर्ण्याच्या आकाराचं, पांढरं, पाकळीच्या मधोमध गुलाबी छटेचा पट्टा, आणि किंचित खाली झुकलेलं. हे झाड कोरड्या दिवसांत पानं टाकून विश्रांती घेतं आणि पहिल्या पावसाबरोबर जागं होतं. तिसरं क्रायनम एशियाटिकम, सरकारी कार्यालयांच्या आवारात आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर दिसतं ते. त्याची मान केळीच्या बुंध्यासारखी जाड आणि उंच होते, पानं हात-दीड हात लांब, फुलाच्या पाकळ्या मात्र पट्टीसारख्या अरुंद आणि पसरलेल्या. ते बाराही महिने हिरवं असतं. स्पायडर लिली ओळखायला फूल लागतं: तिच्या पुंकेसरांच्या तळाशी पातळ पांढऱ्या पडद्याची वाटी असते, क्रायनमला ती नसते.

तुमचं वर्णन गोल कंदाचं आणि रुंद पानांचं आहे, तेव्हा ते लॅटिफोलियम धरून पुढचं सांगतो. पानं उन्हाळ्यात आपोआप वाळून जात असतील तर खात्रीच समजा. उन्हाळ्यात नियमित पाणी मिळालं तर थोडी पानं टिकूनही राहतात, त्यामुळे तेवढ्यावरून गोंधळू नका.

आता माती. मराठवाड्यात झाड लावायचं म्हणजे आळं करायचं, हे आपल्या हाताला बसलेलं आहे, आणि आंबा, लिंबू, जास्वंदीसाठी ते बरोबरच आहे. पाणी कमी, ऊन जास्त, म्हणून पाणी बुडाशी धरून ठेवायचं. सुदर्शनच्या बाबतीत हेच आळं जून ते सप्टेंबर नडतं. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली बारीक छिद्रं बंद होतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. झड लागली की आळ्यात चार-चार दिवस पाणी राहतं, कंदाच्या तळाला हवा मिळत नाही आणि जाड मांसल मुळं टोकाकडून कुजत येतात. पुढे उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगाळते आणि उरलेली मुळं भेगेत ताणून तुटतात. म्हणजे वर्षातून दोनदा मुळांचं नुकसान होतं. सुदर्शनची मुळं हंगामापुरती नसतात, ती वर्षानुवर्षं टिकतात आणि तीच नव्या वाढीला आधार देतात. मुळं दरवर्षी नव्यानं काढावी लागली तर सगळा साठा त्यातच खर्च होतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. चांगला पाऊस होऊन गेल्यावर आळ्याकडे बघा. पाऊस थांबल्यावर चार-पाच तासांनीही पाणी दिसत असेल, किंवा दोन दिवसांच्या उघडिपीनंतरही वापसा येत नसेल, म्हणजे माती खुरपण्याजोगी होत नसेल, तर जागा चिभडणारी, पाणी धरून ठेवणारी आहे. मग खुरप्यानं कंदाच्या एका बाजूची माती हळूच सरकवा आणि मान दोन बोटांत धरून दाबा. घट्ट लागली तर काळजी नाही. मऊ लागली, बोट आत गेलं किंवा आंबूस वास आला, तर कुज सुरू झाली आहे आणि कंद काढावाच लागेल.

मान घट्ट असेल तर कंद न हलवता पुष्कळ काम होतं. मानेवर चढलेली माती खाली ओढा. कंदाचा साधारण वरचा तिसरा हिस्सा उघडा दिसला पाहिजे. आपल्याकडे दर खुरपणीला झाडाच्या बुडाशी माती लावायची सवय असते, त्यामुळे तीन वर्षांत कंद वीतभर गाडला गेलेला असतो, आणि फूल न येण्याचं तेही एक नेहमीचं कारण आहे. मग आळ्याचा उताराकडचा कड फोडून एक वीत खोल चर काढा आणि तो अंगणाबाहेर नेऊन सोडा. चरात बारीक खडी किंवा विटांचे तुकडे भरले तर तो गाळानं बुजत नाही. हे काम रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेच्या पुढे, मृगाचा पाऊस पडायच्या आत उरका. हस्ताचा पाऊस संपला की चराचं तोंड मातीनं बंद करून आळं परत बांधा. आळं उन्हाळ्यात हवं, पावसाळ्यात नको.

कंद काढावाच लागला तर योग्य वेळ मेचा दुसरा पंधरवडा. तेव्हा लॅटिफोलियम विश्रांतीत असतं आणि पुढे पावसाळा असतो. कंदापासून फूटभर लांब गोल चर खणा आणि ढेकळासकट उचला. जिवंत मुळं पांढरट आणि घट्ट असतात, ती एकही तोडू नका. काळी, पोकळ, सालपट निघणारी मुळं कात्रीनं काढा. कंदाचा कुजलेला भाग पांढरा गर लागेपर्यंत कापा, जखमेला गंधकाची भुकटी किंवा चाळलेली राख लावा आणि सावलीत तीन-चार दिवस कोरडा होऊ द्या. ओली जखम मातीत गेली की कुज परत येते.

नवी जागा मात्र खड्डा करून बनवू नका. काळ्या रानात खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं, तर आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं आणि तळातून बाहेर जायला वाट नसते. वरून माती छान मोकळी दिसते आणि कंद खाली पाण्यात बसलेला असतो. काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळूनही फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा जमिनीच्या वर जा. एका कंदासाठी तीन फूट व्यासाचा आणि फूटभर उंचीचा उंचवटा करा. त्याला सुमारे बारा घमेली मिश्रण लागतं: पाच घमेली काळी माती, पाच घमेली चाळलेला बारीक लाल मुरूम, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि वरून पाव किलो निंबोळी पेंड. मुरूम पांढरट असेल तर त्यात चुनखडी जास्त असते. थोडा मुरूम वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसला तर तो वापरू नका, कारण आपली माती आधीच चुनखडीची असते आणि आणखी चुना पडला की पानं पिवळी पडायला लागतात. अर्धकच्चं शेणखतही नको, त्यानं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि कंद तापतो. कडेला दगड रचले तर उंचवटा झडीत वाहून जात नाही. एकाच लांब उंचवट्यावर लावत असाल तर दोन कंदांत दोन फूट अंतर ठेवा. लावल्यावर एकदा पोटभर पाणी द्या आणि नवा कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवा. हलवलेला कंद त्या वर्षी आणि बऱ्याचदा त्याच्या पुढच्या वर्षीही फुलत नाही. म्हणूनच घट्ट असलेला कंद उगाच हलवू नये.

उन्हाबद्दल थोडंसं. सकाळचं पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. कडुलिंबाखाली किंवा आंब्याच्या दाट सावलीत पानं लांबलचक, लोळणारी येतात आणि फूल येत नाही. उलट पश्चिमेच्या भिंतीला किंवा पत्र्याच्या शेडला टेकून लावलं तर मे महिन्यात, पारा ४२-४३ अंशांवर गेल्यावर, भिंतीची धग पानं भाजून काढते. घराची पूर्व बाजू सगळ्यांत चांगली.

अळ्यांवर जरा सविस्तर बोलतो, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालं आहे. क्रायनमवर येणाऱ्या अळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या पतंगांच्या असतात, लिली मॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. दोन्हींचं अंग काळसर, वर पांढरे ठिपके; एकीवर लाल-नारिंगी ठिपकेही असतात. मादी रात्री पानावर पुंजक्यानं अंडी घालते. बाहेर पडलेल्या बारीक अळ्या आधी पानाच्या पदरांमध्ये शिरून आतला गर खातात. पान उजेडाकडे धरलं तर त्या जागी पातळ, पारदर्शक डाग दिसतो. ही पहिली खूण ओळखता आली पाहिजे, कारण याच अवस्थेत उपाय सोपा आणि खात्रीचा असतो. आठवड्याभरात अळ्या मोठ्या होऊन बाहेर येतात, वरून खाली खात मानेपर्यंत पोचतात आणि पान संपलं की मानेत आणि कंदात शिरतात. पूर्ण वाढ झाली की झाडाखालच्या मातीत उतरून कोष करतात. दमट, उबदार हवेत ही साखळी महिन्याभरात पूर्ण होते, म्हणून आषाढात थोड्या दिसल्या की श्रावणात झुंबड उडते. तुम्हाला त्या ‘अचानक’ आल्यासारख्या वाटल्या, पण त्या आधीची फेरी नजरेतून सुटलेली असणार.

मृग लागल्यापासून दर तिसऱ्या दिवशी पानांच्या दोन्ही बाजू बघायच्या. चार झाडांना पाच मिनिटंही लागत नाहीत. अंड्यांचा पुंजका दिसला की बोटानं चिरडा किंवा पानाचा तेवढा तुकडा कापा. पारदर्शक डागाचं पान दिसलं तर डागाच्या खाली दोन बोटं कापून तो तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवा. कापून नुसता कोपऱ्यात टाकू नका, अळ्या त्यातून निघून परत येतात. मोठ्या अळ्या दिसल्या तर सकाळी किंवा दिवेलागणीला, हातमोजा घालून किंवा चिमट्यानं वेचा. वेचणी हाच मोठ्या अळीवरचा खरा उपाय आहे.

फवारणी लहान अळ्यांसाठी. निंबोळी अर्क घरीच करा: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी चांगली पिळून घ्या, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. सुदर्शनचं पान मेणचट असतं, साबण नसेल तर थेंब ओघळून जातात. उन्हात फवारलं तर अर्काचा जोर लवकर ओसरतो. सात-आठ दिवसांनी परत फवारा, आणि मध्ये जोराचा पाऊस झाला तर तेवढे दिवस न थांबता. अर्कानं भागत नसेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटी कृषी सेवा केंद्रात मिळते. ती लिटरला एक ते दोन ग्रॅम, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे, संध्याकाळीच. अळीनं फवारलेलं पान खाल्लं तरच ती काम करते, म्हणून पानाची खालची बाजू आणि मानेची खोबण भिजली पाहिजे. कापसावरची शिल्लक राहिलेली जहाल औषधं दारापुढच्या झाडावर मारू नका. लेकरं तिथे खेळतात, आणि मानेत शिरलेल्या अळीपर्यंत ते औषध पोचतही नाही.

सगळी पानं गेल्यावर काय करायचं? अर्धवट खाल्लेली, लोंबणारी पानं स्वच्छ कापा, मानेत अळी उरली आहे का ते बघा, विष्ठा पाण्याच्या बारीक धारेनं धुऊन काढा आणि मान वाळू द्या. पाणी आणि खत वाढवू नका, पानं नसताना मुळांना ते झेपत नाही. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं येतात. आता हीच पानं दिवाळीपर्यंत जपायची. हिवाळ्यात किंवा मार्चमध्ये झाडाखालची वरची दोन-तीन इंच माती खुरपून उन्हात पसरा. कोष उघडे पडतात, साळुंक्या ते टिपतात, राहिलेले हातानं चिरडा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: याच अळ्या कळलावीवर, रेन लिलीवर आणि स्पायडर लिलीवरही पोसल्या जातात. अंगणात यांतलं काहीही असेल तर तिथेही तीच पाहणी करा, नाहीतर एक झाड साफ केलं तरी दुसऱ्यावरून त्या परत येतील.

पानांवर आणि दांड्यावर लालसर-तपकिरी, लांबट डाग येत असतील तर ते अळीचं काम नसतं, ती बुरशी असते. डागाळलेली पानं कापून जाळा, पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्या, आणि डाग पसरत असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. उन्हाळ्यात पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण बसतो, त्याला साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं पुरतं.

बोअरच्या पाण्याकडे या भागात लक्ष द्यावंच लागतं. पानांची टोकं वाळत असतील आणि मातीवर पांढरी पापडी दिसत असेल तर पाण्यात क्षार जास्त आहेत. शक्य असेल तर पाणी तपासून घ्या. विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निर्धास्त राहा, २ च्या वर असेल तर ते पाणी रोज थोडं थोडं देऊ नका. थोडं पाणी मुळांपाशी क्षार साठवतं. त्याऐवजी उशिरानं पण भरपूर द्या म्हणजे क्षार खाली धुतले जातात, आणि उंचवट्यावर ते धुतलेही जातात. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी टंचाईच्या दिवसांत वाया घालवायला जिवावर येतं, पण दोन्हींत क्षार एकवटलेले असतात. ते या झाडाला घालू नका. सुदैवानं लॅटिफोलियमला उन्हाळ्यात पाणी फार कमी लागतं. पानं वाळल्यावर पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पुरे, टँकरच्या दिवसांत तेही चुकलं तर कंद तग धरतो. बुडाशी सोयाबीनच्या भुसकटाचा तीन बोटं थर द्या, फक्त तो मानेला चिकटू देऊ नका. एशियाटिकम असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी लागेल.

डीएपीचा सल्ला मी का टाळतो? चुनखडीच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधलं जातं आणि झाडाच्या उपयोगी पडत नाही. डीएपीतलं नत्र (नायट्रोजन) मात्र लगेच लागतं आणि लुसलुशीत पानं येतात, जी अळ्यांना आणि बुरशीला आणखी सोपी जातात. पानांची तुम्हाला कमी नाहीच. रोहिणीत एका कंदाला दोन किलो कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मानेपासून वीतभर लांब मातीत मिसळा. पानं वाळायला लागायच्या आधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला एक किलो गांडूळखत द्या. काळ्या मातीत पालाश (पोटॅश) सहसा कमी नसतं, त्यामुळे निव्वळ काळ्या मातीत वेगळं पालाश नको. मुरुमाच्या उंचवट्यावर लावलं असेल तर ऑगस्टमध्ये १५ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पाण्यात विरघळवून द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड एक ग्रॅम, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

कुंडीचं म्हणाल तर चालते, पण मोठी हवी. दीड फूट तोंडाची सिमेंटची किंवा मातीची, तळाला तीन-चार भोकं असलेली. कंद अंग चोरून बसला तरी चालतं, किंबहुना गर्दीत क्रायनम चांगलं फुलतं. त्यामुळे बाजूला आलेली पिल्लं दरवर्षी काढत बसू नका, दर वेळी मुळं दुखावतात. आपल्या उन्हाळ्यात कुंडी चारही बाजूंनी तापते, म्हणून एप्रिल-मेमध्ये ती सावलीला सरकवता आली पाहिजे. अंगणात जमीन असताना मी उंचवटाच निवडेन.

एक शक्यता मात्र उरते: कंद अजून लहान असेल. चांगल्या मोसंबीएवढा, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर जाडीचा होईपर्यंत लॅटिफोलियम सहसा फुलत नाही. पिल्लापासून लावलेल्याला दोन-तीन वर्षं लागतात, बीपासून त्याहून जास्त. अळीनं पानं खाल्ली तर ते वर्ष हिशेबात धरू नका. मान उघडी कराल तेव्हा जाडीचा अंदाज घ्या, निम्मी चिंता तिथेच मिटेल किंवा वाट किती बघायची ते तरी कळेल.

घरात लहान मुलं असतील तर कंद कांदा-लसणाच्या टोपलीजवळ वाळत ठेवू नका. त्यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, खाल्लं तर उलट्या होतात. चुकून खाल्लंच तर घरगुती इलाज न करता दवाखाना गाठा. कापताना रसानं कुणाला खाज सुटते, हातमोजे घाला. कान दुखला की पान गरम करून रस कानात पिळायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, पण पडद्याला भोक असेल तर तो रस आत जातो, म्हणून डॉक्टरांनी कान पाहिल्याशिवाय ते करू नका. जनावरं सहसा याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या अंगणात हे झाड निभावतं.

आणि ओढ्याच्या काठचं झाड उपटून आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ते चिखलातलं आहे, अंगणातल्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतील, आणि काठाची माती धरून ठेवणारे कंद तिथेच राहिलेले बरे. क्रायनमच्या काही जाती तर पश्चिम घाटातल्या मोजक्याच ठिकाणी उरल्या आहेत. फिरायला गेल्यावर पठारावरून कंद खणून आणणं म्हणजे त्या जातीवरच घाव आहे. रोपवाटिकेत पिल्लं मिळतात, शेजाऱ्यांकडेही मिळतात.

या वर्षीचा क्रम असा ठेवा. मेअखेर मान उघडी करायची, चर काढायचा, खत द्यायचं. जूनपासून दर तिसऱ्या दिवशी पानं पाहायची. सप्टेंबरात गांडूळखत, ऑक्टोबरात आळं परत बांधायचं, पानं पिवळी पडून आपोआप सुटेपर्यंत एकही कापायचं नाही. या जूनमध्ये दांडा आला नाही तर निराश होऊ नका, गेल्या श्रावणाचा तोटा अजून आत आहे. एक पावसाळा पानं शाबूत राहिली आणि कंद पुरेसा जाड असला, तर पुढच्या वर्षी वळवाच्या एखाद्या मोठ्या सरीनंतर आठ-पंधरा दिवसांत पानांच्या बाजूनं चपटा, टोकदार कोंब निघेल. तो पानांपेक्षा जाड असतो आणि झपाट्यानं वाढतो. त्यावर दहा-वीस कळ्या असतात, संध्याकाळी दोन-तीन उमलतात आणि वास रात्री भरतो. त्या दिवसांत दांड्याला काठीचा आधार द्या, वळवाचा वारा तो आडवा करतो. फुलं संपल्यावर बी नको असेल तर दांडा बुडाशी कापा. बी हवं असेल तर मांसल, गोटीएवढ्या बिया पिकून सुटू द्या आणि त्या न वाळवता ओलसर मिश्रणावर नुसत्या ठेवा. त्यांना गाडायची गरज नसते, तिथेच कोंब फुटतो.